प्रादेशिक आराखड्यातील निसर्ग : धोरण लिहिताना काय पाहावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : एका विभागाचा प्रादेशिक आराखडा तयार होत असून त्यातील ‘नैसर्गिक वारसा आणि जैवविविधता’ हे प्रकरण लिहिण्याचे काम प्रश्नकर्त्याकडे आले आहे. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि राखीव वने यांना स्वतंत्र कायद्यांचे संरक्षण आधीच असताना प्रादेशिक धोरणाने त्याहून वेगळे काय करायचे, आणि हे प्रकरण केवळ शोभेपुरते राहू नये म्हणून ते कसे लिहायचे?

नियोजन आणि परिसरशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत बरीच वर्षे काम केल्यामुळे मी याचे उत्तर आधी सांगून टाकतो आणि मग त्याची कारणे देतो. निसर्गाची बहुतांश हानी आज शेकडो छोट्या परवानग्यांमधून होते. त्यांतली प्रत्येक परवानगी कायदेशीर असते आणि सुटी पाहिली तर निरुपद्रवीही वाटते. या सगळ्या परवानग्यांची बेरीज जिथून दिसू शकेल अशी प्रशासनातली जागा म्हणजे प्रादेशिक आराखडा. त्याच्या वरच्या पातळीवर तपशील दिसत नाही आणि खालच्या पातळीवर बेरीज दिसत नाही. ही बेरीज मांडणे आणि तिला मर्यादा घालणे हे या प्रकरणाचे मुख्य काम आहे. बाकी सारे, अगदी दुर्मीळ प्रजातींची देखणी यादीसुद्धा, त्यानंतर येते.

संरक्षित क्षेत्रे पुरेशी का ठरत नाहीत, हे आधी पाहू. संरक्षित क्षेत्राची हद्द ही जमिनीवर आखलेली रेषा असते. त्या क्षेत्राला जगवणाऱ्या प्रक्रिया मात्र त्या रेषेला जुमानत नाहीत. दक्षिण स्पेनमधील दोन्यानाची पाणथळ भूमी स्थलांतरित पक्ष्यांसाठी युरोपातील सर्वांत महत्त्वाच्या जागांपैकी एक मानली जाते. ती राष्ट्रीय उद्यान आहे, १९९४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे आणि युरोपीय संघाच्या ‘नातुरा २०००’ या संरक्षित स्थळांच्या जाळ्यातही आहे. इतकी कवचे असूनही तिचे पाणी घटत गेले, कारण तिला पोसणारा भूजलसाठा उद्यानाच्या हद्दीबाहेर दूरवर पसरलेला आहे आणि तिथे स्ट्रॉबेरीसारख्या नगदी पिकांसाठी, तसेच किनाऱ्यावरच्या पर्यटन वसाहतीसाठी, वैध आणि अवैध विहिरींतून उपसा चालूच राहिला. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने या भूजल उपशाच्या प्रकरणात स्पेनला दोषी धरले. उद्यानाच्या व्यवस्थापकाचा अधिकार कुंपणापाशी संपतो. कुंपणाबाहेरच्या पाणलोट क्षेत्रात कोणते पीक, कोणती वसाहत, किती उपसा, हे ठरवण्याचे साधन भूवापराच्या आराखड्याकडे असते, निदान असायला हवे. १९७२ च्या जागतिक वारसा कराराच्या पाचव्या अनुच्छेदात वारशाच्या संरक्षणाचा समावेश सर्वंकष नियोजनात करावा, असे सदस्य देशांना सांगितलेले आहे, ते याच कारणाने. या अनुच्छेदाची आठवण फारशी कुणी ठेवत नाही. स्थळांच्या नामांकनाचा उत्साह त्यापेक्षा नेहमीच जास्त असतो.

दुसरे कारण क्षेत्रफळाचे आणि आकाराचे आहे. रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या द्वीप-जीवभूगोलाच्या सिद्धान्तानंतर एक गोष्ट नियोजनाच्या चर्चेत पक्की झाली, ती अशी की एकटा पडलेला अधिवास, म्हणजे सजीवांची राहण्याची जागा, कालांतराने त्याच्या क्षेत्रफळाला झेपतील तेवढ्याच प्रजाती टिकवतो. ढोबळ ठोकताळा असा की क्षेत्र एक-दशांश झाले तर प्रजाती सुमारे निम्म्या राहतात, आणि ही घट लगेच होत नाही. ती काही दशके चालते. आराखड्याची मुदत संपेपर्यंत नुकसान मोजणीत येत नाही, म्हणून ते झालेच नाही असा समज होतो. त्यात काठाचा परिणाम मिळवावा लागतो. ब्राझीलमधील मानाउस शहराच्या उत्तरेला १९७९ पासून चाललेल्या जंगल-तुकड्यांच्या प्रयोगात १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे वेगळे राखून त्यांचा अभ्यास झाला, आणि काठापासून साधारण १०० मीटरच्या पट्ट्यात वारा, ऊन आणि कोरडेपणामुळे झाडे मरण्याचे प्रमाण वाढते असे दिसून आले.

हा आकडा कागदावर ठेवून साधे गणित करून पाहावे. १०० हेक्टरचा चौरस तुकडा म्हणजे १ किलोमीटर बाजू. चारही बाजूंनी १०० मीटर काठ वजा केला की ८०० मीटर बाजूचा गाभा उरतो, म्हणजे ६४ हेक्टर. आता तेवढेच जंगल १० हेक्टरच्या दहा चौरस तुकड्यांत विभागलेले आहे असे धरा. प्रत्येक तुकड्याची बाजू सुमारे ३१६ मीटर, काठ वजा जाता ११६ मीटर, गाभा जेमतेम १.३५ हेक्टर. दहा तुकडे मिळून साडेतेरा हेक्टर. एकूण वनक्षेत्राचा आकडा दोन्ही वेळा १०० हेक्टरच आहे, अहवालात ‘घट नाही’ अशीच नोंद होणार आहे, पण गाभ्यात राहणाऱ्या जिवांच्या दृष्टीने जवळजवळ चार-पंचमांश अधिवास गेलेला आहे. माझा अनुभव असा की जिल्ह्याच्या पातळीवरील अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना हे गणित फळ्यावर करून दाखवले तर ते प्रजातींच्या कोणत्याही यादीपेक्षा लवकर पटते. म्हणून धोरणात केवळ ‘हरित क्षेत्राची टक्केवारी’ हे उद्दिष्ट ठेवू नये. सलग गाभा क्षेत्र किती आणि सर्वांत मोठा सलग तुकडा किती, हे दोन आकडे त्यासोबत हवेत.

छोट्या नुकसानीच्या बेरजेचा प्रश्न कायद्यापुढे कसा येतो, हे आयर्लंडमधील गॉलवे शहराच्या बाह्यवळण रस्त्याच्या खटल्यातून समजते. या रस्त्यामुळे लॉक कॉरिब या संरक्षित स्थळातील चुनखडकाच्या नैसर्गिक फरशीसारख्या उघड्या पृष्ठाचे सुमारे दीड हेक्टर क्षेत्र कायमचे जाणार होते. त्या स्थळात अशा खडकाचे क्षेत्र २७० हेक्टर होते. म्हणजे तोटा अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. एवढ्याने स्थळाच्या अखंडतेला बाधा येत नाही, असे मानून तिथल्या नियोजन यंत्रणेने परवानगी दिली होती. २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते मान्य केले नाही. ज्या अधिवासासाठी ते स्थळ राखले आहे आणि जो प्राधान्याचा अधिवास म्हणून नोंदलेला आहे, त्याचा एखादा भाग कायमचा आणि भरून न येणारा नष्ट होत असेल तर अखंडतेला बाधा येतेच, असा निकालाचा आशय होता. एकेक छोटा प्रकल्प क्षुल्लक म्हणून सोडत गेल्यास शेवटी अधिवासच उरत नाही, हा धोका त्या प्रकरणातील महाअधिवक्त्यांनी, म्हणजे निकालापूर्वी न्यायालयाला स्वतंत्र मत देणाऱ्या विधिज्ञांनी, आपल्या मतात स्पष्टपणे मांडला होता. १९९२ च्या युरोपीय अधिवास निर्देशातही प्रकल्पाचा परिणाम ‘एकटा किंवा इतर आराखडे व प्रकल्पांसह’ तपासावा असे म्हटलेले आहे. ही तरतूद कागदावर सुरेख आहे, परंतु ‘इतर प्रकल्प’ कोणते, याची नोंदवही कुणीतरी ठेवल्याशिवाय ती अमलात येऊ शकत नाही. ती नोंदवही प्रादेशिक नियोजन कार्यालयाने ठेवावी, असे धोरणात थेट लिहून टाकावे.

आता प्रत्यक्ष आराखड्याच्या रचनेकडे वळू. बहुतेक ठिकाणी कामाचा क्रमच उलटा असतो. आधी लोकसंख्येचा अंदाज, मग नागरी वाढीची केंद्रे, मग रस्ते आणि औद्योगिक पट्टे, आणि शेवटी उरलेल्या जागेला हिरवा रंग. असा हिरवा रंग म्हणजे कुणालाच नको असलेल्या जमिनीची नोंद. जगभरची संरक्षित क्षेत्रे उंच, उताराच्या, नापीक आणि दुर्गम जमिनीवर प्रमाणाबाहेर एकवटलेली आहेत, आणि नदीकाठची सुपीक गाळभूमी, सखल भागातील पाणथळी आणि गवताळ मैदाने संरक्षणातून निसटली आहेत, त्याचे मूळ या क्रमात आहे. यावरचा उपाय म्हणजे आधी निसर्गाचा आधार-नकाशा पक्का करणे. पाणलोट, भूजल पुनर्भरणाच्या जागा, पूरमैदाने, अधिवासांचे प्रकार, भूशास्त्रीय वारसास्थळे आणि प्राण्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा या सगळ्यांचा हा नकाशा वाढीची केंद्रे ठरण्यापूर्वी मंजूर झाला पाहिजे.

या नकाशात कोणत्या जागा घ्यायच्या, हे निव्वळ सौंदर्यावर किंवा मोठ्या प्राण्यांच्या लोकप्रियतेवर ठरवू नये. प्रत्येक प्रकारच्या अधिवासाचे पुरेसे प्रतिनिधित्व व्हावे, हे तत्त्व पाळावे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफच्या २००४ मधील पुनर्विभागणीचे उदाहरण समुद्रातले असले तरी त्याची पद्धत जमिनीवरही चालते. तिथे सगळ्या क्षेत्राचे ७० जैवप्रदेश ओळखले गेले, प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग मासेमारीमुक्त असावा अशी कसोटी ठरली आणि संगणकीय साहाय्याने अनेक पर्याय तपासून पाहिले गेले. मासेमारीमुक्त क्षेत्र पूर्वी ५ टक्क्यांहूनही कमी होते, ते सुमारे ३३ टक्क्यांवर गेले, आणि मुख्य म्हणजे ते केवळ सोयीच्या जागी गेले नाही. दक्षिण आफ्रिकेत याच विचारातून जैवविविधतेच्या दृष्टीने निर्णायक क्षेत्रांचे आणि त्यांना आधार देणाऱ्या परिसर-क्षेत्रांचे नकाशे तयार करतात, आणि २००४ च्या जैवविविधता कायद्यात जैवप्रादेशिक आराखड्यांची तरतूद आहे. स्थानिक नियोजनकाराच्या हाती असा नकाशा आला की कोणता भूखंड अपरिहार्य आणि कोणत्याला पर्याय आहे, हे त्याला परवानगी देण्यापूर्वी दिसते.

आधार-नकाशा करताना एका गोष्टीवर विशेष लक्ष ठेवावे, कारण इथे शास्त्रीय दिसणारी चूक सहज होते. उपग्रह-प्रतिमेवरून केलेल्या भूवापराच्या वर्गीकरणात झाडे म्हणजे निसर्ग आणि झाडे नसलेली जमीन म्हणजे पडीक, असा हिशेब अनेकदा शिरतो. गवताळ माळराने, खडकाळ पठारे, वाळूच्या टेकड्या, खाजणे आणि हंगामी पाणथळी या वर्गवारीत ‘वापरात नसलेल्या’ ठरतात, आणि सौरऊर्जा प्रकल्प, औद्योगिक वसाहत किंवा भरपाईचे वृक्षारोपण करायचे झाले की पहिली नजर तिथेच जाते. भारतातील माळढोक माळरानावर जगतो. त्याच्या माळावर झाडे लावणे म्हणजे त्याचा अधिवास नष्ट करणे. पश्चिम घाटातील जांभा खडकाच्या पठारांवर मातीचा थर बोटभर असतो, पण तेवढ्याच मातीत पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या आणि अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पती असतात. अशा परिसंस्थांना आधार-नकाशात स्वतःचा वर्ग द्यावा आणि ‘पडीक’ हा वर्ग जैवविविधतेच्या सर्वेक्षणाशिवाय वापरू नये, एवढे एक कलम घातले तरी मोठे नुकसान टळते.

अधिवासांना एकमेकांशी जोडणाऱ्या पट्ट्यांविषयी, म्हणजे जोडमार्गांविषयी, मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे महत्त्व आता बहुतेकांना मान्य आहे. अधिवास निर्देशाच्या दहाव्या अनुच्छेदात भूवापर धोरणाने नद्या व त्यांचे काठ, पारंपरिक शेतबांध, तळी आणि छोटी वनराई यांची जपणूक करावी, असे सुचवलेले आहे. हे घटक वन्यजिवांना एका जागेहून दुसरीकडे जाण्यास वाट देतात. नेदरलँड्सने १९९० पासून देशव्यापी नैसर्गिक जाळ्याची कल्पना नियोजनात आणली. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर कुंपण, उन्नत वन्यजीवमार्ग आणि भुयारी मार्ग झाल्यावर वाहनांशी होणाऱ्या वन्यप्राण्यांच्या धडकांत ८० टक्क्यांहून अधिक घट झाली. मात्र पूल बांधून होतो आणि पुलाच्या दोन्ही टोकांची जमीन कुणाच्याच ताब्यात नसते, असे इतरत्र घडते. काही वर्षांत एका टोकाला गोदाम उभे राहते आणि पूल निरुपयोगी होतो. म्हणून जोडमार्गाच्या दोन्ही बाजूंचा भूवापर त्याच आराखड्यात गोठवल्याशिवाय बांधकामाचा खर्च मंजूर करू नये. हवामानबदलामुळे प्रजाती उंचीकडे आणि ध्रुवांकडे सरकत आहेत. त्यामुळे जोडमार्ग डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, उताराच्या दिशेनेही हवेत. केवळ दोन अभयारण्ये जोडून थांबू नये.

धोरणाच्या मसुद्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि वेळही सगळ्यांत कमी याच कामाला दिला जातो. ‘विकासाची कामे करताना जैवविविधतेचा यथोचित विचार करण्यात यावा’ हे वाक्य घ्या. यात कोणी, कुठे, कशाच्या आधारे आणि न केल्यास काय, यांपैकी काहीच नाही. परवानगी देणारा अधिकारी टिपणीत ‘विचार केला’ एवढे लिहील आणि कलमाचे पालन झालेले असेल. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘अनुसूचीतील कोणत्याही पाणथळ जागेच्या, झऱ्याच्या किंवा बारमाही अथवा हंगामी प्रवाहाच्या कमाल पाणीरेषेपासून ३० मीटरच्या आत बांधकाम, भराव, उत्खनन किंवा रस्ता यांस परवानगी देता येणार नाही, नकाशावर न दाखवलेला प्रवाह प्रत्यक्ष पाहणीत आढळल्यास त्यालाही हे कलम लागू राहील, अपवाद केवळ दुसरी जागा उपलब्ध नसलेल्या सार्वजनिक सोयीसाठी असेल आणि तसे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील.’ कॅनडातील आँटारिओ प्रांताच्या हरितपट्टा आराखड्यात पाणथळी, झरे, प्रवाह आणि महत्त्वाची वने यांभोवती किमान ३० मीटरचा वनस्पतींचा संरक्षक पट्टा अशाच रीतीने बंधनकारक केलेला आहे.

या मसुद्यातील ‘हंगामी’ आणि ‘नकाशावर न दाखवलेला’ हे दोन तुकडे कटाक्षाने ठेवावेत. नदीच्या जाळ्यातील बहुतांश लांबी उगमाकडच्या अरुंद, वर्षातील काही महिनेच वाहणाऱ्या प्रवाहांची असते आणि लहान प्रमाणाच्या नकाशावर हे प्रवाह दिसत नाहीत. नकाशात नाही म्हणून बुजवला, असे उत्तर नंतर मिळते, आणि ते उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. सर्वेक्षणाचा ऋतूही कलमातच ठरवून टाकावा. कोरड्या ऋतूत केलेल्या पाहणीत बेडूक, हंगामी वनस्पती आणि प्रजननासाठी येणारे पक्षी सापडणारच नाहीत, आणि ‘कोणतीही उल्लेखनीय प्रजाती आढळली नाही’ असा निष्कर्ष निघेल. अशी पाहणी ग्राह्य धरली जाणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

भरपाईच्या कलमाकडे मी थोड्या संशयाने पाहतो. टाळणे, कमी करणे, पुन्हा उभारणे आणि अगदी शेवटी अन्यत्र भरपाई करणे, ही पायरी-पायरीची उतरंड सर्वत्र मान्य आहे, पण व्यवहारात अर्ज थेट शेवटच्या पायरीवर येतात. इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण कायद्यानुसार फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवणे आणि बांधकामाच्या जागेबाहेर केलेली किंवा जागेवरचीच पण लक्षणीय असलेली वाढ किमान ३० वर्षे टिकवणे बंधनकारक झाले. मोजमापाची सक्ती आल्यामुळे विकासकांना आधी पाहणी करावी लागते, हा त्याचा खरा लाभ. परंतु काही अधिवास मोजून परत देता येत नाहीत. पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा दलदलीतील थर वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने साठतो. एक मीटर थर उकरला तर तो भरायला हजार वर्षे लागतील, आणि ३० वर्षांचा करार तिथे निरर्थक आहे. त्यामुळे प्रादेशिक धोरणात अशा भरून न येणाऱ्या अधिवासांची यादी द्यावी आणि त्यांच्याबाबत भरपाईचा पर्यायच खुला ठेवू नये. जिथे भरपाई मान्य आहे, तिथे ती आधार-नकाशातील जोडमार्गावर किंवा गाभ्याला लागून व्हावी. दूर कुठेतरी मिळेल त्या स्वस्त जमिनीवर लावलेली एकाच जातीची रोपे भरपाई म्हणून मोजली जाऊ नयेत.

लोकांचा सहभाग आणि पैसा हे दोन विषय मी एकत्र घेतो, कारण एकाची चर्चा दुसऱ्याशिवाय प्रामाणिक होत नाही. पश्चिम घाटाचा अनुभव इथे बोलका आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये संपूर्ण घाटक्षेत्राची संवेदनशीलतेनुसार तीन श्रेणींत विभागणी सुचवली आणि अंतिम सीमा व नियम ग्रामसभांपर्यंत चर्चा करून ठरवावेत असे म्हटले. अहवाल सादर झाल्यावर बरेच महिने तो लोकांसमोर आलाच नाही. माहिती अधिकाराचा पाठपुरावा झाल्यानंतर २०१२ मध्ये तो खुला झाला. दरम्यान गावागावांत अफवांनी जागा घेतली : घरे उठवणार, शेती बंद होणार. पुढे कस्तुरीरंगन कार्यगटाने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्र, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील म्हणून सुचवले, आणि २०१४ नंतर एकामागून एक मसुदा अधिसूचना निघत राहिल्या. सहावी २०२४ मध्ये निघाली. गुणदोषांची चर्चा बाजूला ठेवली तरी नियोजनकाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नकाशा आणि नियम स्थानिक भाषेत, गट क्रमांकासह, हरकती मागवण्यापूर्वी लोकांच्या हाती असले पाहिजेत. आणि काय बंद होणार याच्या यादीआधी काय चालू राहणार याची यादी द्यावी, कारण माणूस आराखडा उघडतो तो स्वतःचे घर आणि शेत शोधण्यासाठी.

ज्या गावाच्या वाट्याला संरक्षित क्षेत्र येते त्याचे करउत्पन्न खुंटते आणि शेजारच्या गावात औद्योगिक वसाहत येऊन ते वाढते. ही विषमता तशीच ठेवून त्या गावाकडून निसर्गप्रेमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ब्राझीलच्या पाराना राज्याने १९९१ मध्ये राज्याच्या विक्रीकरातून नगरपालिकांना मिळणाऱ्या वाट्याचा एक भाग संरक्षित क्षेत्रे आणि पाणलोट क्षेत्रे राखण्याशी जोडला, आणि नंतर इतर अनेक राज्यांनी ती पद्धत उचलली. भारतात चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय करांच्या वाटपात वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला. हा पैसा राज्यापर्यंत पोहोचतो, वनाशेजारच्या गावापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था त्यात आपोआप नाही. जमीनमालकांपुरता विचार केला तर हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे स्वतःच्या जमिनीवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी विकण्याची सोय, हे साधन आहे. अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या माँटगोमेरी परगण्याने १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकरांचे कृषी राखीव क्षेत्र ठरवले, तिथे २५ एकरांना एक घर एवढीच मुभा ठेवली आणि दर ५ एकरांमागे एक हक्क शहराच्या वाढीच्या भागात विकण्याची सोय दिली. ही योजना टिकली, कारण हक्क कुठे वापरायचे ती जागा आणि त्याची मागणी, दोन्ही आराखड्यात आधी ठरलेली होती. विकत घेणारा नसेल तर हक्काचे प्रमाणपत्र कपाटात पडून राहते आणि मालक न्यायालयात जातो.

शेवटी फेरबदलाची तरतूद. आराखडा मंजूर झाल्यावर त्याची खरी परीक्षा पुढच्या सरकारच्या पहिल्या फेरबदलाने होते. आँटारिओचा हरितपट्टा २००५ च्या कायद्याने सुमारे १८ लाख एकरांवर घोषित झाला आणि दर दहा वर्षांनी पुनरावलोकन करायचे ठरले. असे असताना २०२२ च्या अखेरीस घरबांधणीचे कारण देऊन सुमारे ७,४०० एकर जमीन त्यातून वगळण्यात आली. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ च्या अहवालात निवडीची प्रक्रिया पक्षपाती ठरवली आणि त्या जमिनींच्या मालकांच्या संपत्तीत ८ अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक वाढ होऊ शकते असा अंदाज नोंदवला. लोकक्षोभानंतर निर्णय मागे घेण्यात आला आणि वर्ष संपण्यापूर्वी जमिनी कायद्याने हरितपट्ट्यात परत आल्या. वगळलेला भाग एकूण पट्ट्याच्या अर्धा टक्काही नव्हता. टक्केवारीने पाहिले तर पुन्हा ‘नगण्य’च, पण एकदा हद्द हलते असे दिसले की सीमेलगतच्या प्रत्येक जमिनीचा भाव आणि प्रत्येक मालकाची अपेक्षा बदलते.

म्हणून फेरबदलाच्या कलमात पुढील अटी असाव्यात : गाभा क्षेत्र आणि जोडमार्ग यांतील फेरबदल ठरलेल्या पुनरावलोकनाखेरीज करता येणार नाही; सुटा, एका भूखंडापुरता प्रस्ताव स्वीकारला जाणार नाही; प्रस्तावासोबत आजवरच्या सर्व अपवादांची एकत्रित बेरीज जोडावी लागेल; आणि निर्णयाची कारणे, अर्जदाराच्या नावासह, प्रसिद्ध करावी लागतील. या अटींना विरोध होईल, आणि ‘लवचीकता हवी’ असे सांगितले जाईल. लवचीकता नियमात असावी, उदाहरणार्थ घराची दुरुस्ती, विहीर, गोठा, पायवाट यांसाठी. ती हद्दीत असू नये.

देखरेखीसाठी मोठ्या निर्देशांकांची गरज नाही. दरवर्षी चार आकडे प्रसिद्ध झाले तरी पुष्कळ कळते : सलग गाभा क्षेत्र किती हेक्टर राहिले, संरक्षक पट्ट्यांत किती अर्ज आले, त्यांपैकी किती अपवाद म्हणून मंजूर झाले, आणि भरपाई म्हणून कबूल केलेल्या क्षेत्रापैकी किती प्रत्यक्ष जमिनीवर आढळले. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रिअल येथे स्वीकारलेल्या जागतिक जैवविविधता आराखड्याचे पहिलेच उद्दिष्ट भूनियोजनाविषयी आहे आणि २०३० पर्यंत जैवविविधतेच्या दृष्टीने अतिमहत्त्वाच्या क्षेत्रांची हानी शून्याजवळ आणावी असे ते सांगते; या चार आकड्यांशिवाय कोणत्याही प्रदेशाला त्याबद्दल खात्रीने काही सांगता येणार नाही. आकड्यांची पायाभूत नोंद आराखडा मंजूर होण्याच्या तारखेचीच असावी आणि ती परिशिष्ट म्हणून आराखड्याचा कायदेशीर भाग व्हावी, कारण स्वतंत्र अहवालातील नोंद पुढच्या पुनरावलोकनात ‘सुधारित पद्धतीने’ नव्याने मोजली जाते आणि तुलनाच अशक्य होते.